मधापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ

९ फेब्रुवारी, सोमवार

वही लिहायची मला सवय नाही. हॉस्पिटलमधल्या बाईंनी सांगितलं म्हणून आणली. अर्धांगवायू झालेल्यांना गिळायला शिकवणं हे त्यांचं काम. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय दिलं, किती गेलं, खोकला आला का.

बाबांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं, आणि घसा गिळताना नीट मिटेनासा झाला. पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत उतरतं. हे सगळं आई सांभाळायची. मी रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही. आई असताना स्वयंपाकघरात माझं काम पाणी प्यायचं. तिला जाऊन आज एकवीस दिवस झाले.

ती गेल्यापासून कोपऱ्यावरच्या खानावळीतून सूप मागवत होतो. डबा यायचा, झाकण काढायचं, चमचा लावायचा. खर्च होत होता, पण मला सुटल्यासारखं वाटायचं. गेल्या बुधवारच्या सुपात मक्याचे दाणे होते. मी पाहिले नाहीत. बाबांचे ओठ निळे झाले. शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या आणि त्यांनी पाठीत बुक्के घातले. मी काय करत होतो ते मला आठवत नाही.

न्यूमोनिया झाला, पाच दिवस हॉस्पिटलमध्ये काढले, आज घरी सोडलं. डॉक्टर बाबांसमोरच म्हणाले, "बाहेरचं बंद. घरचं, ताजं, गाळलेलं द्या. नऊ मार्चला छाती आणि वजन बघू. तोवर पुन्हा न्यूमोनिया झाला किंवा वजन उतरलं, तर पोटातून नळी. मग तोंडाने काही नाही."

बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "नको." हा शब्द त्यांना स्पष्ट येतो.

बाईंनी घट्टपणा समजावला. मधापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ. मी विचारलं, मध किती तापमानाचा? त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मला भीती वाटते. हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर पान घाण दिसेल.

१० फेब्रुवारी

दोन बटाटे, एक गाजर, मीठ. उकडले, कुस्करले, पाणी घातलं. गुठळ्या झाल्या. गाळणीतून दोनदा काढलं, तरी एक गुठळी बोटाला लागली, म्हणून तिसऱ्यांदा. तोवर ते गार झालं. पुन्हा गरम केलं तर तळाला लागलं. करपलेल्या बटाट्याचा वास सगळ्या घरात.

सकाळी: नऊ चमचे. शेवटी खोकला, सहा वेळा.
संध्याकाळी: अकरा चमचे. शेवटी खोकला, चार वेळा.

भरवताना एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात फोन धरला होता, अँब्युलन्सचा नंबर आधीच लावून. प्रत्येक घासाला बाबांचा गळा खाली-वर होईपर्यंत मी श्वास धरून होतो. शेवटी बघतो तर माझा शर्ट पाठीला चिकटलेला.

आईने काहीच लिहून ठेवलेलं नाही. सगळे डबे, सगळ्या कपाटातले कागद पाहिले. विजेची बिलं सापडली.

१२ फेब्रुवारी

डोळ्यांवर माझा भरवसा नाही. रंगाचा घट्टपणा आम्ही डोळ्यांनी ठरवत नाही. तळाला बारीक भोक असलेला एक स्टीलचा कप असतो. भोकावर बोट ठेवून रंग काठोकाठ भरायचा, बोट काढायचं, घड्याळ लावायचं, आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. वीस वर्षं मी हेच करतो आहे.

रजेवर आहे, तरी तासभर कारखान्यात जाऊन आलो; स्टोअरमध्ये एक कोरा कप पडून होता. साहेबांना विचारून घरी आणला. लॅबमध्ये एकाच्या मिशा अशा आहेत की सगळे त्याला ब्रश म्हणतात. तो म्हणाला, "सूप मोजणार? मग पातळ झालं तर थिनर कमी घाल. आणि पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देऊ नकोस हं." सगळे हसले. मग तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "वडील कसे आहेत रे?" मी म्हटलं, बरे आहेत.

घरी मध मोजला, दही मोजलं. दही भोकातून उतरलंच नाही. चमच्यावरून कसं पडतं ते बघत दहा-बारा वेळा करून पाहिलं आणि चाळीस सेकंद धरले. बाईंना फोनवर आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मला सेकंदातलं काही कळत नाही, पण तुम्हाला कळतंय ना, मग झालं."

बाबांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं आणि कानाला लावलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत त्यांनी. ऐकून म्हणाले, "मागे." म्हणजे घड्याळ मागे पडतं. खरंच पडत होतं, मिनिटाला एक सेकंद.

सकाळी: बटाटा-गाजर, एकोणचाळीस सेकंद. अर्धी वाटी. शेवटी खोकला.
संध्याकाळी: तेच, एक्केचाळीस सेकंद. शेवटी खोकला.

घट्टपणा बरोबर आहे. मग खोकला का?

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. ती लांब राहते, घरात दोन परीक्षावाली मुलं. आईच्या वेळी आली होती, आठ दिवस राहून गेली.

"काय देतोस त्यांना?"

"बटाटा."

"रोज?"

"रोज."

"अरे, माणूस आहे तो, गोदाम नाही. मसूर शिजव मऊ. भोपळा घाल. भात जास्त पाणी घालून गरगट कर आणि दुधात घोट. कांदा आधी तेलावर परत, मग बघ चव. स्वस्तातलं स्वस्त सांगतेय."

मी लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "नळी म्हणजे काही फाशी नाही रे. किती जण नळीवर वर्षानुवर्षं असतात."

"त्यांना नको आहे."

"त्यांना आई पण जायला नको होती," ताई म्हणाली. मी भोपळा किती वेळ शिजवायचा ते विचारलं.

उद्यापासून पुन्हा कामावर. दुपारचं शेजारच्या काकू बघणार आहेत. मी सकाळीच करून पातेल्यात ठेवायचं, त्या एक वाजता गरम करून भरवतील. त्यांनाही माझ्या पातेल्यातलंच जेवायला सांगितलं आहे, तेवढाच त्यांचा चुलीपाशी उभं राहायचा वेळ वाचतो. त्यांना कप आणि घड्याळ दाखवलं. म्हणाल्या, "ते तुझ्याकडेच राहू दे. बापाला भरवायचंय की भिंत रंगवायचीय?"

१९ फेब्रुवारी

मसूर-भोपळा जमलं. कांदा परतताना वास आला आणि बाबांनी आतून हाक मारली. शब्द नव्हता, नुसता आवाज. मी धावत गेलो, वाटलं काही झालं. तर ते उशीवर डोकं उचलून दाराकडे बघत होते. मला बघितलं आणि पुन्हा डोकं टेकलं.

बाहेरच्या एका डब्याच्या पैशात तीन दिवसांच्या भाज्या येतात. आधी कळलं असतं तर. आधी काय, आई होतीच.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. बाबा अर्धी वाटी झाली की तोंड मिटतात. डाव्या हाताने वाटी लांब सारतात आणि म्हणतात, "बास." सकाळीही, संध्याकाळीही. चव बदलली तरी तेच. अर्ध्या वाटीवर वजन टिकणार नाही. मी हात जोडतो, बाबा, अजून चारच. ते माझ्याकडे बघत राहतात आणि मग तोंड उघडतात. त्या चारांतच खोकला येतो.

मला वाटतं त्यांना जगायचं नाही. आईच्या मागे जायचंय. हे कोणाला विचारायचं?

२३ फेब्रुवारी

वही मागे चाळली. सकाळ: खोकला. संध्याकाळ: खोकला. दुपार: "नाही", "नाही", "नाही". दुपारचं काकू लिहितात, मोठ्या अक्षरात. आणि "किती गेलं" याच्यापुढे रोज "पूर्ण".

तेच पातेलं, तेच सूप. हे शक्य नाही.

काकू चांगल्या आहेत. पण टीव्ही बघत भरवतात हे मला माहीत आहे. खोकला आला तरी त्यांच्या लक्षात येत नसेल. किंवा मला बरं वाटावं म्हणून लिहीत असतील. एखादा पुरवठादार सगळे नमुने "पास" लिहून पाठवायला लागला, की आम्ही त्याच्याकडे आधी जातो.

आज बाबांची पाठ ऐकली, कान लावून. डाव्या बाजूला बारीक खरखर वाटली. उजव्या बाजूलाही वाटली. मग माझ्या स्वतःच्या कानातच आहे की काय, कळेना.

मी ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. गिळताना मोजत होतो.

२६ फेब्रुवारी

मी फार वाईट वागलो.

दुपारी सुट्टी टाकून न सांगता घरी आलो. पोचेपर्यंत जेवण आटोपलं होतं. वाट्या घासून पालथ्या घातलेल्या. बाबा झोपलेले. काकू वहीत लिहीत होत्या: पूर्ण, नाही.

मी म्हटलं, "काकू, खरं लिहा."

"म्हणजे?"

"माझ्या हातून रोज खोकला येतो. तुमच्या हातून एकदाही नाही. मला खोटा आकडा नकोय. याच्यावर त्यांचा जीव आहे."

त्या उठल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. म्हणाल्या, "तुझी आई आणि मी तीस वर्षं एका जिन्यावर काढली. ती गेली तेव्हा मी तिचा हात धरून होते, तू कामावर होतास. मी तिच्या नवऱ्याबद्दल खोटं लिहीन?"

त्यांनी पेन वहीत ठेवलं, वही मिटली आणि गेल्या. बाबा जागे होते. सगळं ऐकलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी: पाच चमचे. मग तोंडच उघडलं नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी अंग गरम. थर्मामीटर शंभर. आकडा दुसऱ्यांदा पाहिला. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, श्वास जोरात नसेल तर उद्यापर्यंत बघा, ताप वाढला तर लगेच आणा. मी सरळ बसवून ठेवलं. कामावर कळवलं.

काकू आल्या नाहीत. मी बोलवायला गेलो नाही.

भात-दूध घोटून केलं. मोजलं, एक्केचाळीस सेकंद. हळूहळू भरवलं, अर्धा तास लागला. अर्ध्या वाटीला बाबांनी वाटी सारली. मी म्हटलं, बाबा, ताप आहे, ताकद पाहिजे, अजून थोडं. त्यांनी मान हलवली. मी आग्रह केला. एक चमचा गेला आणि ठसका. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, तो आवाज. मी फोनचं बटण दाबणार तेवढ्यात त्यांना श्वास मिळाला.

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात येऊन जमिनीवरच बसलो. हातात ती अर्धी वाटी. तेव्हा मनात आलं ते कारखान्यातलं आलं. गिऱ्हाईक म्हणतं, रंग पातळ आहे, आणि आमच्या नोंदीत तो घट्ट असतो. अशा वेळी आम्ही नोंद बघत बसत नाही. त्याच्याकडे डब्यात उरलेला रंग मागवतो आणि तो मोजतो.

उरलेलं मोजण्यापुरतं नव्हतं. म्हणून मुद्दाम एक वाटी घेतली, स्वतः खायला लागलो. चमचा तोंडात, तोच चमचा परत वाटीत, बाबांच्या गतीने. पंधरा मिनिटांनी उरलेलं कपात घातलं. पातेल्यातलं: एक्केचाळीस. वाटीतलं: तेरा.

पाण्यासारखी धार.

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "लाळ. भात, बटाटा, पिठूळ काहीही असलं की लाळ लागून पाणी सुटतं. तोंडातला चमचा परत परत त्याच वाटीत घालता का?"

"हो. तुम्ही हे सांगितलं नव्हतं."

"नव्हतं?" त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. तुमच्या आई पहिल्या दिवसापासून एवढ्याशा वाटीत थोडं थोडं वाढून घ्यायच्या, चमचा बदलायच्या. त्यांना सांगावंच लागलं नाही, म्हणून माझ्या यादीतून राहिलं."

म्हणजे बाबा "बास" म्हणायचे ते मरण्यासाठी नाही. खालचं पातळ झालंय हे त्यांना जिभेवर कळत होतं. आणि मी हात जोडून तेच त्यांच्या घशात घालत होतो. दिवसातून दोनदा. सतरा-अठरा दिवस.

मी तेवढ्या घासांचा हिशोब करायला घेतला आणि मग सोडून दिला.

२८ फेब्रुवारी

ताप उतरला. सत्त्याण्णव. तीनदा बघितला.

सकाळी चार छोट्या वाट्या, चार चमचे. खोकला नाही. पूर्ण. माझा विश्वास बसेना, मी अर्धा तास समोर बसून राहिलो. नाही.

मग शेजारी गेलो. काकूंनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तुम्ही खरं लिहीत होतात. चूक माझ्या हातात होती." सगळं सांगितलं, लाळ, तेरा सेकंद.

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "मी आपली एवढंच बघत होते की पातेल्यातलं मीही खाते. त्यांचा उष्टा चमचा त्यात कसा घालू? म्हणून पळीने वाटीत थोडं घ्यायचं, संपलं की धुऊन परत घ्यायचं. एक घास त्यांचा, एक माझा. त्याला कप लागत नाही."

"चुकलो, काकू."

"चुकलासच. बापावर गेलायस. तुझी आई सांगायची, तेही लग्नानंतर पहिलं वर्षभर तिला म्हणत होते, चहात साखर मोजून घाल." मग म्हणाल्या, "आज काय केलंस?"

"भोपळा."

"मीठ?"

"पाच ग्रॅम."

"देवा," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या.

४ मार्च

पाच दिवस खोकला नाही. लिहिताना धीर होत नाही.

आता सगळं ठीक चाललंय आणि भीती कमी व्हायला हवी. ती वाढली आहे. आधी वाटायचं कोणीतरी चुकतंय, ते सापडलं की संपलं. सापडलं ते माझ्याच हातात. आता अजून काय असेल जे आईला माहीत होतं आणि कोणाच्याच यादीत नाही? कूस कशी बदलायची. दात कसे घासायचे. मी एक एक गोष्ट करताना थांबतो आणि ती कशी करायची ते आठवायचा प्रयत्न करतो. तिची पाठ दिसते, हात दिसत नाहीत. एवढी वर्षं त्याच घरात होतो आणि मी तिच्या हातांकडे बघितलंच नाही.

८ मार्च, रविवार

ताई आली. उद्या डॉक्टरांकडे बरोबर येणार. आल्या आल्या बाबांजवळ बसली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या कॉलरमध्ये दोन बोटं जातील. काय खातोस तू?"

"जे असेल ते."

"उभ्याने?"

तिने माझ्यासाठी अंडी फोडली. मी अर्धं खाल्लं. बाबांची वेळ झाली होती.

९ मार्च, सोमवार

वजन तीनशे ग्रॅम वाढलं. छाती स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा ऐकली.

मला वाटलं होतं मी ऐकून खूश होईन. डॉक्टर पुढे म्हणाले, "आत्ता नळीची गरज नाही. पण तोंडाने देताय तोवर धोका राहणारच. कितीही सांभाळा, एखादा घास कधीतरी चुकतो. हे मनात ठेवून ठरवा."

ताई कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेऊन म्हणाली, "घालून टाकू या नळी. त्यांच्यासाठी नाही म्हणत, तुझ्यासाठी म्हणते. तू असा नाही टिकणार." बाबा चाकाच्या खुर्चीत चार पावलांवर होते. मी तिला नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती हवी होती.

ताई पाचच्या गाडीने गेली. मी मसूर लावला. बाबांना टेबलाशी आणलं, वाट्या मांडल्या, घड्याळ लावलं. बेचाळीस. चमचा भरला आणि हात पुढे जाईना. मी चमचा खाली ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "मला रोज भीती वाटते. प्रत्येक घासाला. नळी असती तर वाटली नसती. तुम्ही सांगा, काय करू?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना तर नाहीच.

त्यांनी मग डाव्या हाताने ती छोटी वाटी स्वतःकडे ओढली. चमचा उचलला, कसाबसा भरला. अर्धा बाहीवर सांडला. उरलेला त्यांनी स्वतः तोंडात घातला. मी पुढे झालो तशी त्यांनी भुवई उचलली. समोरच्या खुर्चीकडे चमच्याने दाखवलं. आईच्या.

"बस," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, शोधून, "जेव."

मी बसलो. माझ्यासाठी त्याच पातेल्यातलं वाढून घेतलं. गरम होतं, मीठ बरोबर होतं, कांद्याची चव आली होती. मी पहिल्यांदाच माझ्या हातचं बसून खात होतो. आईला हे सांगावंसं वाटलं. तिला सांगता येणार नाही, हे तेव्हा, तोंडात घास असताना, कळलं.

मला ठसका लागला. साधा नाही. श्वासच मिळेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, मी टेबल धरून वाकलो. वर बघितलं तर बाबा अर्धे उठले होते. चेहरा पांढरा, तोंड उघडं, एक हात माझ्याकडे आलेला आणि मधेच थांबलेला. डोळे माझ्या गळ्यावर.

महिनाभर सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर हाच चेहरा बसला होता. माझा.

श्वास आला. "काही नाही, बाबा," मी म्हटलं. "उलट गेलं."

ते मला बघत राहिले, खात्री होईपर्यंत. मग हळूहळू खाली बसले. मी डोळे पुसले आणि माझ्या चेहऱ्याला जमेल तितकं सैल केलं. त्यांच्याकडे बघून एक घास घेतला. गिळला.

मग त्यांनी घेतला. मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं नाही.